दुसरी खुंटी

धान कापून झाले की आमच्याकडची जमीन एकाएकी मोठी दिसू लागते. कालपर्यंत कमरेएवढ्या पिकाने भरलेल्या बांध्या रिकाम्या होतात, त्यांच्या कडा उघड्या पडतात आणि नजर अडवायला जंगलाच्या काळ्या रेषेपर्यंत काहीच उरत नाही. हवेत पेंढ्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास असतो. सकाळी धुक्यातून ऊन उतरते तेव्हा कापलेल्या धसकटांवर दव चमकते आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांना ती ओली टोके टोचतात. या ऋतूतले मला आधी आठवते ते यांतले काहीच नाही. आधी आठवतो एक आवाज: ओल्या मातीवर पडणारी पावले, एका ठेक्यात, दुरून जवळ येणारी. मग जिभेवर चुन्याची तुरट चव येते. आणि मग आकडा येतो.

तीन मिनिटे, चार सेकंद.

यंदा हा ऋतू परतला तो पोलादी फीत घेऊन. धानोऱ्याच्या ज्या शाळेत मी शिकले, तिथेच आता मराठी शिकवते. शाळेच्या मैदानावर चारशे मीटरची धावपट्टी नियमाबरहुकूम बांधायची असे ठरले आणि देखरेखीसाठी मुख्याध्यापकांनी माझे नाव सुचवले. कारण काय, तर माझा पहिला तास रिकामा असतो. दसऱ्यानंतर राजुऱ्याहून मैदाने आखून देणारे रहीमभाई आले. पन्नाशीचे, सडपातळ, कानावर पेन्सिल. सोबत दोन गडी, एक दुर्बिणीचे यंत्र आणि फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेली ती फीत.

"म्याडम, हे काम कपडा कापण्यासारखं नाई," पहिल्याच सकाळी ते म्हणाले. "कपडा वाढला तं दुमडता येते. ट्रॅक दुमडता येत नाई."

फीत ते मोहाच्या सावलीतच ठेवत. तिच्याशेजारी उष्णतामापक टांगलेला असे. मला नवल वाटले. ते म्हणाले, "पोलाद बी उन्हात अंग सैल सोडते. किती सोडलं ते लिहून ठेवा लागते, मंग तितकं वजा करा लागते." प्रत्येक अंतर ते दोनदा मोजत. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. वृत्ताच्या मात्रा मोजताना आम्ही बोटे दुमडायचो. एक मात्रा वाढली तर ओळ लंगडते हे कानाला आधी कळायचे, बोटांना मागून. इथे कानाचा काही उपयोग नव्हता. माती सगळीकडे सारख्याच आवाजात गप्प होती.

धावपट्टी कशी आखतात, हे मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिले. दोन खुंट्या असतात, दोन अर्धवर्तुळांचे दोन मध्यबिंदू. त्यांच्यामधले अंतर चौऱ्याऐंशी मीटर एकोणचाळीस सेंटिमीटर, तेवढीच लांब दोन्ही बाजूंची सरळ धाव. प्रत्येक खुंटीभोवती साडेछत्तीस मीटरांची त्रिज्या फिरवली की वळण तयार होते. पण आतल्या कडेवरून मोजले तर हे चारशे भरत नाहीत. मोजायचे असते त्या उंचावलेल्या कडेपासून तीस सेंटिमीटर बाहेरून, कारण कोणी कडेला घासून धावत नाही. पाय थोडा दूर पडतो, खांदा थोडा दूर राहतो. कडा नसेल, नुसती चुन्याची रेघ असेल, तर वीस सेंटिमीटर. कारण रेघेची भीती कमी असते. मला हे ऐकून भरून आले. कुठल्याशा दूरच्या खोलीत बसून ज्यांनी हा नियम लिहिला, त्यांनी एका धावत्या देहाची कल्पना केली होती, त्याच्या बिचकण्यासकट. कोरड्या आकड्यांत माणसासाठी एवढी जागा राखलेली मी क्वचितच पाहिली आहे.

"जास्त-कमी चालतं का थोडं?" मी विचारले.

"जास्त चालते. चार सेंटिमीटर. पुऱ्या चारशेत."

"आणि कमी?"

"कमी शून्य."

तिसऱ्या दिवशी गवत साफ करताना गड्याच्या कुदळीला लोखंड लागले. सिमेंटच्या गोळ्यात रोवलेली, गंजून तांबडी झालेली सळई. "इथी पहिलेच कोनी खुंटी गाडली हाये," तो म्हणाला. मला हसू आले. ती कुणी गाडली होती हे मला ठाऊक होते. आमच्या गुरनुले सरांनी, मी दहावीत असताना. दरवर्षी नव्याने मोजायला नको म्हणून त्यांनी दोन्ही मध्यबिंदू कायमचे पक्के केले होते. मी रहीमभाईंना दुसऱ्या सळईची जागा दाखवली. जुने काम त्यांच्या कामी येईल, सरांचे नावही निघेल, अशा भोळ्या अभिमानाने दाखवली.

त्यांनी फीत लावली. उलट बाजूने पुन्हा लावली. मग कानावरची पेन्सिल काढून वहीत काही लिहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ब्याण्णव एकोणचाळीस."

मला कळले नाही.

"दुसरी खुंटी आठ मीटर पुढं हाये म्याडम. इकडून आठ, तिकडून आठ. चक्कर चारशे सोळाची होती तुमची."

"चुकले असतील सर," मी म्हणाले.

"चूक असती तं आकडा वाकडातिकडा आला असता. सात मीटर अमुक, आठ मीटर तमुक." त्यांनी फीत गुंडाळायला घेतली. "हे साफ आठ हाये. मोजून ठेवलं कोनीतरी."

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी कुंदाबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. त्या हिवाळ्यात ती चोवीस वर्षांची होती आणि पोलीस भरतीसाठी धावत होती. वयाच्या अटीत तिला ती एकच भरती उरली होती. आठशे मीटर, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. तीन मिनिटांच्या आत आलीस तर आशा धर, असे गुरनुले सरांनी तिला सांगितले होते. शाळेतल्या आणि शाळा सोडलेल्या अशा पाचसहा मुलींना ते पहाट फुटल्यावर मैदानावर बोलवत. त्यासाठी ते एक रुपया घेत नसत. आपल्या हाताने चुन्याची फक्की मारत, वाकून, पाठ सरळ न करता चारशे मीटर. मग दिवसभर त्यांच्या नखांच्या कडा पांढऱ्या दिसत. घड्याळ धरायचे काम माझे होते. स्टॉपवॉचची काळी दोरी माझ्या गळ्यात असे आणि तिचा ओलसर स्पर्श मानेवर दिवसभर राही.

कुंदाबाई धावताना सुंदर दिसायची हे मला तेव्हा सांगता येत नव्हते. तिच्या वेणीचे टोक पाठीवर उजवी-डावीकडे झुलायचे, ओठ किंचित उघडे, आणि दूरच्या वळणावर धुके इतके दाट की ती त्यात जाऊन विरघळायची. मग फक्त पावले ऐकू यायची. मग धुक्यातून आधी ओढणीचा रंग, मग चेहरा, मग श्वास.

"किती?" ती गुडघ्यांवर हात टेकून विचारायची.

"तीन सहा."

"काल पाच होतं ना व?"

"आज सहा."

जोडीच्या मुली हसायच्या. "कुंदे, सकाळची भाकर पोटात घेऊन धावतेस, तं वजन होनारच."

शाळेच्या क्रीडादिनासाठी सरांनी एकदा आठही पट्ट्या आखल्या. बाहेरच्या पट्टीची सुरुवात पुढे का, हे तिला कोडे पडले. "सर, मले त्या भायेरच्या पट्टीत उभी करा ना जी. बाकीच्यायच्या पुढं राहाले भेटते."

"पुढं उभी राहशीन, पन गोल मोठा पडन तुले."

"म्हंजे फुकटात काईच नाई."

"ट्रॅकवर फुकटात काईच नाई पोरी. म्हनून तं इथी कोनी कोनाले फसवू शकत नाई."

हे वाक्य मी नंतर कितीदा वर्गात सांगितले आहे. निबंधांत लिहिले आहे. एका निरोप समारंभात त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

तिची सर्वांत चांगली वेळ तीन चार. ती एका गुरुवारी आली आणि नंतर कुंदाबाई कधीच तिच्याखाली गेली नाही. तिने भात कमी केला, दुपारच्या कापणीनंतर संध्याकाळीही धावली, पायांची बोटे फुटली तेव्हा त्यांवर मोहाचे तेल चोळून धावली. चार सेकंद हलेनात. चार सेकंद म्हणजे काय असते? विळ्याने एक मूठ धान कापायला लागतात तेवढे. ती कापता कापता मोजायची, मी ऐकले आहे: एक, दोन, तीन, चार, आणि मूठ खाली.

जिल्ह्याच्या मैदानावर चाचणी होती त्या दिवशी ती उठली, केस बांधले आणि अंगणात रचलेल्या पुंजण्यावरून धानाच्या पेंढ्या खाली ओढू लागली. प्रवेशपत्र पत्र्याच्या पेटीत होते.

मी म्हणाले, "बाई, गाडी चुकन."

"चुकू दे."

"असं काऊन करून राह्यली?"

तिने पेंढी खाली आपटली. दाणे उडाले. "जे माह्या पायात नाई, ते गडचिरोलीच्या मैदानात कुठून येईन?"

तिच्या मागे रोज दहा पावले राहणारी एक मुलगी त्या दिवशी गेली, मामाने हाताला धरून नेले म्हणून. ती निवडली गेली. परत आल्यावर सांगत होती, तिथे धावताना फेरी लवकर संपल्यासारखी वाटली. वारा नव्हता म्हणून असेल. आम्ही सगळ्यांनी ते तिच्या नशिबावर घातले.

दोन दिवसांनी गुरनुले सर घरी आले. खाटेवर बसले. "गेली काऊन नाई?" त्यांनी विचारले. कुंदाबाई दारात उभी राहून म्हणाली, "तीन चारच्या खाली येतच नाई जी मी. कायले हासं करून घेऊ?" सरांनी चहा संपवला. कपाच्या तळाकडे पाहिले. "बरं," म्हणाले आणि गेले. त्यांनी तिला रागावले नाही, चारचौघांत बोलले नाही, याचे आम्हा सगळ्यांना किती कौतुक वाटले होते. त्यांच्या त्या "बरं"मधली माया मी बावीस वर्षे जपून ठेवली होती, ट्रंकेतल्या तलम साडीसारखी. मधूनमधून उघडून पाहायची, पुन्हा घडी घालायची.

कुंदाबाईचे लग्न त्याच उन्हाळ्यात मूलजवळच्या एका गावात झाले. दुःखाची गोष्ट नव्हे ती. नवरा भला आहे, धानाची शेती आहे, मुले शिकली. पण एक वाक्य ती माहेराहून सोबत घेऊन गेली आणि ते तिच्या घरात भांड्यासारखे वापरात राहिले. बचत गटाच्या बायकांनी अध्यक्ष हो म्हटले: "माह्याच्यानं नाई होत बाप्पा." अंगणवाडीत जागा निघाली: "माह्यात दम असता तं तवाच झालं असतं." मी तिच्या बोलण्याला विनय समजत होते. आता हिशेब करून पाहते. आठशे मीटर समजून ती आठशे बत्तीस धावत होती. तीन मिनिटे चार सेकंद, आठशे बत्तीस मीटरांसाठी. आठशेसाठी ते होतात दोन मिनिटे सत्तावन्न.

मी हा हिशेब पुन्हा केला. रहीमभाईंसारखा, उलट बाजूनेही केला. तेवढेच आले.

मग मी काय काय आठवत बसले! रोज सकाळी माझ्याच तोंडून निघालेले ते आकडे. माझा आवाज तेव्हा पातळ होता आणि धुक्यात लांब जायचा. ज्या खोट्या मापाने तिला हरवले, ते तिच्यापर्यंत माझ्या गळ्यातून पोहोचले होते, आणि मला त्याची खबर नव्हती. माणसाने फसवले तर त्याचा राग तरी करता येतो. मातीने, चुन्याने, ज्यांवर आपण पाऊल टाकले त्यांनीच आपल्याला फसवले म्हणावे, तर कुणाच्या दारात जायचे?

मी सरांच्या दारात गेले. निवृत्तीनंतर ते मूलला राहतात; दिवाळीत तिकडे गेले तेव्हा. त्यांचे घर राइस मिलच्या मागे आहे. हवेत कोंड्याचा बारीक धुरळा तरंगत असतो, तुळशीच्या पानांवरही त्याची साय असते. सर थकले आहेत. गुडघे धरून बसले होते. मला पाहून मनापासून आनंदले. मैदानाचे काम निघाले हे त्यांच्या कानावर आले होते.

"माह्या खुंट्या भेटल्या का नाई?" त्यांनीच विचारले.

"भेटल्या. ब्याण्णव एकोणचाळीस."

त्यांनी मांडीवरचा कोंडा हाताने झटकला. मग म्हणाले, "शीग टाकली होती मी."

आमच्या धानाच्या मुलखात सपाट माप कुणी देत नाही. पायली भरली की वर रास करायची, दाणे चहूबाजूंनी घरंगळेपर्यंत; ती शीग. मजुरीचे धान मोजताना जो हाताने पायली सपाट करतो, त्याच्या खळ्यावर पुढल्या वर्षी कोणी येत नाही. सर अशाच घरातले होते.

"कमी तं नाई देल्लं ना मी?" ते म्हणाले. "इथी जास्त धावल्या का तिथी हलकं जाते. जेवढ्या गेल्या, त्यायले हलकं गेलं का नाई, विचार."

"जी गेली नाही तिचं काय?"

"तिनं जायाले पायजे होतं."

"तिला सांगायला पाहिजे होतं, सर."

"सांगतलं असतं तं धावली असती का तेवढी? माप सांगतलं का शीग राहत नाई."

"मग नंतर? घरी आला होतात तुम्ही. खाटेवर बसला होतात."

ते आपल्या नखांकडे पाहत राहिले. आता ती स्वच्छ होती. "तवा सांगून काय भेटलं असतं तिले?" ते म्हणाले. "उलटं जीवाले लागलं असतं. म्हटलं, राहू दे. पोरीचं लगीन ठरून राह्यलं होतं."

मी नमस्कार न करता उठले. आयुष्यात पहिल्यांदा.

शीग देणाऱ्याच्या मनाची असते, हे खरे. पण ती घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडते, म्हणून ती शीग. दोघेही तिच्याकडे पाहतात, घरंगळणारे दाणे दोघांनाही दिसतात. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, लहानपणी मी पाहिले आहे, शंभर पुडे मोजल्यावर आणखी चारपाच फुकटात बाजूला सरकवून घेतले जात. त्याला कोणी शीग म्हणत नसे. सरांनी कुंदाबाईला बत्तीस मीटर जास्तीचे दिले की तिच्या पायांतून काढून घेतले, याचा निकाल मला आजही लावता येत नाही. ज्याने पहाटे वाकून, फुकट, चुना ओतला तोच माणूस हे करतो, यात राग धरायला जागाच मिळत नाही. विश्वासघात करणारा वाईट असता तर किती सोपे झाले असते.

परवा पौषातल्या एका सकाळी मी कुंदाबाईकडे गेले. ती खळ्यावर धान उपणत होती. वाऱ्याची दिशा पाहून उभी, दोन्ही हात उंच, सुपातून दाणे सरळ खाली आणि फोल तिरपे उडून बाजूला. तिच्या केसांत, भुवयांत सोनेरी कुसळे. मी उभ्या उभ्याच सांगितले, खुंट्यांपासून. ती उपणत राहिली. आकडा सांगितला तेव्हा सूप थांबले.

"दोन सत्तावन्न," ती म्हणाली. हळूच, जणू दुसऱ्या कुणाचे नाव वाचते आहे. "पक्कं?"

"मी दोनदा हिशेब केला."

"दोन सत्तावन्न." या वेळी थोडे मोठ्याने. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिले. भेगाळलेले, कोंड्याने माखलेले पाय. ती त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असे उमलत होते की मला वाटले, बरे झाले आले, सांगितले ते बरे झाले.

"सरले इचारलं?"

"इचारलं. म्हणाले, तुह्या जीवाले लागलं असतं म्हणून नाई सांगतलं."

"हव का." तिने सूप कमरेला टेकवले. "कवा गेल्ती सरकडं?"

खोटे बोलायला मला एक क्षण मिळाला होता. "दिवाळीत," मी म्हणाले.

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी? तवा तं तू माह्या घरी आल्ती."

"हो."

"सरकडूनच आल्ती?"

"हो. मले वाटलं बाई, सणाचे दिवस हायेत, तुह्या जीवाले कायले..." वाक्य माझ्या तोंडातच राहिले.

कुंदाबाईने सुपात नवे धान घेतले, हात उंचावले, आणि वारा यायची वाट पाहत उभी राहिली.

"आन पोटभर जेवून गेली," ती म्हणाली.